जोंगा, निसान वन टन: तापल्यावर घाटात बंद पडते, थंड झाली की गुमान चालू होते

हे लिखाण लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. जोंगा आणि निसान वन टन या दोन्ही गाड्या निसानच्या परवान्याने जबलपूरला बनल्या आणि दोन्हींत सहा सिलिंडरचं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. त्यामुळे दुखणंही सारखंच. लष्करातला शक्तिमान ट्रक डिझेल आहे, त्याचा इथे संबंध नाही. जोंगात नंतर कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर त्यांनाही यातलं काही लागू नाही.

एप्रिल-मे आला की माझ्या गॅरेजला या एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, ‘कार्बोरेटर बदलू का?’ नका बदलू. या तक्रारीत कार्बोरेटर दोषी निघणं फार क्वचित घडतं, आणि जुना मूळ कार्बोरेटर एकदा हातचा गेला की तसा परत मिळत नाही. बहुतेक वेळा दोष टाकीच्या झाकणात, हाताएवढ्या रबरी नळीत नाहीतर डेल्कोतल्या, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, कंडेन्सरमध्ये सापडतो. तिन्ही वस्तू मिळून एका चांगल्या जेवणाच्या खर्चात बसतात.

लक्षणं

सकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू होते. सपाटीवर वीस-पंचवीस किलोमीटर काही तक्रार नाही. घाट लागला, दुसरा गिअर पडला, आणि पाच-दहा मिनिटांत पुढचं काहीतरी घडतं:

- गाडी आचके देते, दम टाकते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जरा सावरते, परत दाबला की परत आचके. कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. मग हळूहळू मरते.
- काही सूचना न देता, चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात बंद. पुढे वळणावर कधी आपोआप चालूही होते.
- चालताना ठीक, पण चहाला थांबून पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं. पेट्रोलचा वास मात्र येतो.
- सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पेटत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नव्हतं अशा थाटात चालू.

पहिलं लक्षण पेट्रोल कमी पडण्याचं. दुसरं बहुतेक वेळा विजेचं, म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा एखाद्या वायरचं. तिसऱ्यात उलटा प्रकार असतो. इंजिन बंद केल्यावर पंख्याची हवा थांबते, मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या पाइपाची, धग कार्बोरेटरला लागते, त्याच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि इंजिन ओलं होतं. अशा वेळी चोक न ओढता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि तसाच धरून सेल्फ मारायचा. पंपासारखा वरखाली करायचा नाही, दर वेळी आणखी पेट्रोल आत जातं. चौथ्या लक्षणावरून काहीच ठरत नाही, त्यासाठी खालच्या दोन चाचण्या आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढा. टेम्परेचरचा काटा लाल भागात गेला असेल, रेडिएटर उसळत असेल, तर तो कूलिंगचा दोष आहे. गाडी बाजूला घ्या, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका आणि आधी तेच दुरुस्त करा. काटा नेहमीच्या जागी आणि तरीही बंद पडते, तेव्हाच पुढचं वाचा. काट्यावर विश्वास ठेवण्याआधी तो काटा चालतो का, हेही बघा. लिलावातल्या गाड्यांत डॅशबोर्डवरचे निम्मे काटे शोभेचे असतात.

बंद पडली त्याच जागी, थंड व्हायच्या आत

सगळी गोम इथे आहे. गाडी टो करून गॅरेजला आणली की ती थंड झालेली असते, थंड गाडीत दोष दिसत नाही, आणि मिस्त्री अंदाजाने सुटे भाग बदलत सुटतो. दोष जिवंत असतो तो बंद पडल्यापासूनची पहिली दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात एवढंच ठरवायचं, की पेट्रोल येत नाही का ठिणगी येत नाही.

आधी गाडी रस्त्याच्या कडेला, चाकांखाली दगड, मागे त्रिकोण. हँडब्रेकच्या भरवशावर या गाड्या चढावर सोडू नयेत. इंजिन बंद असताना मागे घरंगळत नेण्याचा प्रयत्न तर अजिबात नको. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर इंजिन मेल्यावर एक-दोन दाबांपुरतीच त्याची मदत उरते, पुढे पेडल दगडासारखं लागतं. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. आणि नंतर निघताना दगड रस्त्यातून उचला, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा त्यात काही गुन्हा नसतो.

पहिली चाचणी पेट्रोलची. इग्निशन बंद. एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा एकदा जोरात ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि पुढचा संशय ठिणगीवर. नाही उडाली किंवा नुसता फुसका थेंब आला, तर पेट्रोल पोचत नाही.

दुसरी चाचणी ठिणगीची. त्याआधी एअर क्लीनर परत बसवा आणि सांडलेलं पेट्रोल पुसून सुकू द्या. एक जास्तीचा प्लग जवळ असावा. प्लगची एक वायर काढून या प्लगला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक वाजणारी ठिणगी म्हणजे ठीक. पिवळसर, मरतुकडी, मधेच गायब होणारी म्हणजे वीज दोषी. प्लग हातात धरून बघायची मर्दुमकी दाखवू नका, पक्कड रबरी मुठीची वापरा.

काय दिसलं ते फोनवर टिपून ठेवा. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत चालकाची आणि मालकाची आठवण दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागते.

पेट्रोल येत नाही: झाकणापासून सुरुवात

टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर शोध संपला. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा त्या जागी बाहेरची हवा आत जायला हवी. झाकणाला त्यासाठी बारीक वाट असते. लष्करात रंगावर रंग चढत जातो आणि लिलावानंतर नवा मालक हौसेने आणखी एक हात मारतो, त्यात ती वाट बुजते. कधी मूळ झाकण हरवलेलं असतं आणि दुसऱ्याच गाडीचं बिनवाटेचं झाकण ठोकून बसवलेलं असतं. अर्धा तास उभी राहिल्यावर हवा कुठून ना कुठून झिरपते, म्हणून ‘थंड झाल्यावर चालू होते’ असं वाटतं. त्यात थंडीचा हात काहीच नसतो. झाकण साफ करा, वाट तारेने मोकळी करा. फुकटातली तपासणी आहे, म्हणून पहिली.

मग गाळणीची काचेची वाटी. बऱ्याच गाड्यांत ती काढून कुणीतरी प्लॅस्टिकचा इनलाइन फिल्टर लावलेला असतो, तोही चालेल. त्यात काय जमलंय ते बघा. तांबूस चिखल म्हणजे टाकी आतून गंजलीय. तळाशी वेगळा थर म्हणजे पाणी. या गाड्या डेपोच्या मैदानात पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभ्या राहून मग लिलावात येतात, रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर दव धरतं, त्यामुळे गंज नसलेली टाकी मला क्वचितच दिसलीय. वाटीचा बुचाचा गॅस्केट सुकला असेल तर तिथून हवा ओढली जाते. गॅस्केट बदला, वाटी हाताने घट्ट करा, पान्याने आवळू नका, काच तडकते.

आता रबरी नळी. इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात जास्त गाड्या याच एका गोष्टीने अडलेल्या असतात, आणि मालक शपथेवर सांगतो की नळी बघितलीय, कुठे गळत नाही.

चासीवरून येणारी लोखंडी नळी आणि इंजिनवरचा एसी पंप (इंजिनच्या फिरण्यावर चालणारा, पेट्रोल ओढणारा पंप) यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा असतो, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही. पंपाच्या अलीकडची ही बाजू ओढणारी आहे. म्हणजे नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. खाली एक थेंब पडलेला दिसणार नाही. थंड असताना रबर आकसलेलं, घट्ट असतं. तापलं की मऊ पडून चीर उघडते, किंवा नळी आतून चिकटून बसते. सपाटीवर इंजिनला थोडं पेट्रोल पुरतं, तेवढं येत राहतं. घाटात मागणी वाढली की येणाऱ्या पेट्रोलमध्ये निम्मी हवा असते, आणि आचके सुरू.

त्यात आता पेट्रोलच बदललंय. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर सर्रास ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते फुगतं, आतून साल सुटतं, आणि सालीचे काळे तुकडे गाळणीत येतात. वरून नळी छान दिसते. म्हणून बघून ठरवू नका, सरळ बदला. बदलताना ‘आर नाइन’ छापलेली इंधनाची नळी मागा. इंधनाला चालणाऱ्या नळ्यांचा तो दर्जा आहे आणि इथेनॉलमध्ये टिकतो. दुकानदार पाण्याची किंवा हवेची नळी पुढे करेल आणि ‘हीच सगळे नेतात’ म्हणेल. सगळे नेतात, आणि मग सगळे माझ्याकडे येतात. क्लिपा नव्या घ्या, तारेने पिळलेला जोड ठेवू नका. टाकीजवळ दुसरा एक रबरी तुकडा असतो, तो विसरला जातो. तोही बदला.

नळी बदलूनही संशय राहिला तर दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते असं ठरवा. मोकळ्या अंगणात, गाडी उभी असताना, स्वच्छ कॅनमधून नव्या नळीने थेट पंपाला पेट्रोल द्या. कॅन जमिनीवर, इंजिनच्या धगीपासून लांब, तोंडाशी फडकं लावलेलं. इंजिन तापवून वरच्या आरपीएमवर दहा मिनिटं चालवा. त्रास गेला तर दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये. त्रास राहिला तर पंप किंवा त्याच्या पुढे. चालत्या गाडीत, केबिनमध्ये कॅन ठेवून ही चाचणी करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना मी गॅरेजमध्ये उभं करत नाही.

पेट्रोल उकळतंय का

पेट्रोल हे एकच द्रव्य नसतं, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतात. मे महिन्यात शहापूरच्या सडकेवर बाहेरची हवाच तेवढी असते. त्यात इथेनॉलमुळे पेट्रोलचा मधला भागही पूर्वीपेक्षा कमी तापमानाला उकळतो. आता मुंबईकडून कसारा घाट चढणारी गाडी घ्या. घाटाच्या पायथ्यापासून इगतपुरीपर्यंत जवळपास तीनशे मीटरचा चढ, गाडीचा वेग कमी म्हणून रेडिएटरमधून वारा कमी, इंजिन मात्र पूर्ण जोरात. बॉनेटखाली भट्टी. पंपाच्या अलीकडे, जिथे ओढ असते आणि दाब कमी असतो, तिथेच पेट्रोलची आधी वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही, नुसत्या धापा टाकतो.

खात्री करायची रीत जुनी आहे. पेट्रोल पोचत नसल्याचं पिचकारीने दाखवलं की एसी पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीवर ओलं फडकं ठेवा. फक्त पंपावर. पाणी मॅनिफोल्डवर ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. दोन-तीन मिनिटांत पिचकारी परत आली आणि गाडी चालू झाली, तर वाफेचाच दोष. फडक्याने काही फरक नाही आणि तरी अर्ध्या तासाने चालू होते, तर पुढे टाकीकडे चला.

उपाय खर्चाच्या क्रमाने:

पेट्रोलची नळी मॅनिफोल्डला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून जातेय का ते बघा. मूळ नळी वाकवून बसवलेली होती आणि मधे पत्र्याचा आडोसा होता. इंजिन एकदा खाली उतरलं की तो आडोसा बहुतेक वेळा परत बसत नाही, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. पत्रा कापून नवा करा, नळी लांबून फिरवा. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला, तसंच कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला जाड बेकेलाइटचा तुकडा जागेवर आहे का बघा. त्याच्या जागी पातळ कागदी गॅस्केट लावलेला असेल तर धग थेट वर चढते. मॅनिफोल्डमध्ये धगीची झडप असेल तर ती हाताने हलते का पाहा. ती थंडीच्या दिवसांसाठी असते, गंजून बंद स्थितीत अडकली की बारा महिने कार्बोरेटर शेकत बसते.

हे सगळं करून झाल्यावरच पंपापासून टाकीकडे परतीची बारीक नळी टाकण्याचा विचार करा. पेट्रोल फिरतं राहिलं की एका जागी उकळत नाही. काम चांगलं आहे, पण टाकीला नवा जोड द्यावा लागतो, आणि तो टाकी उतरवून, व्यवस्थित करणाऱ्याकडूनच.

पंप, टाकी, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर

एसी पंपाचं पहिलं परीक्षण डिपस्टिकवर होतं. ऑइलची पातळी वाढलीय, ऑइल पातळ झालंय, पेट्रोलचा वास येतोय? मग पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. इंजिन चालू करू नका. घाटात असाल तर टो. बेअरिंग जाईल हे एक, आणि ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठणं हे त्याहून वाईट. पंप दुरुस्त करून, ऑइल आणि फिल्टर बदलूनच सेल्फ मारायचा.

डिपस्टिक ठीक असेल तर पंपाच्या पुढे दाब मोजणारं गेज लावा. या जातीच्या पंपाने साधारण ३ ते ५ पीएसआय द्यावेत आणि तापल्यावरही ते टिकावेत. डायफ्रॅमची किट घेताना इथेनॉलला चालणारी आहे का विचारा. जुन्या साठ्यातली ‘ओरिजिनल’ किट दिसायला कोरी असते, पण रबराचं वय पाकिटात असतानाही वाढत असतं.

इलेक्ट्रिक पंप लावू का, असं हटकून विचारतात. लावा, पण तीन अटी. तो टाकीजवळ बसला पाहिजे, कारण हे पंप ढकलण्यात हुशार आणि ओढण्यात कमजोर असतात. इंजिनजवळ बसवलात तर पैसे गेले. दाब कार्बोरेटरला झेपेल इतकाच हवा, इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर फ्लोटची सुई उचलली जाऊन पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडतं. आणि इंजिन मेलं की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून ऑइल प्रेशरचा स्विच हवाच, नाहीतर अपघातात नळी तुटली तरी पंप ओतत राहील.

टाकीचा दोष फसवा आहे. गंजाची पापडी किंवा जुन्या कापडाची चिंधी आत तरंगत असते, ओढीने नळीच्या तोंडाशी येऊन बसते, गाडी मरते. ओढ थांबली की पापडी सुटून तळाशी जाते, गाडी चालू. हुबेहूब ‘तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू’. ओळख अशी, की हे डिसेंबरच्या पहाटेही होतं आणि टाकीत पेट्रोल कमी असताना जास्त होतं. झाकण उघडून, पंपाकडचं टोक सोडवून, टायरच्या हातपंपाने नळीत उलटी हवा मारा. टाकीत बुडबुड आवाज आला आणि पुढचे काही किलोमीटर गाडी सुखाने गेली, तर टाकी उतरवून साफ करणं आलं. तोंडाने फुंकू नका, ओढू तर अजिबात नका.

कार्बोरेटरकडे एवढं सगळं झाल्यावर वळा. फ्लोटची पातळी, सुईची जागा, मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक). ई-२०मुळे तोच जेट इंजिनला थोडं कोरडं, म्हणजे इंधन कमी पडलेलं, मिश्रण देतो, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. चढावर दम कमी वाटण्याचं ते एक कारण आहे, पण त्याने गाडी बंद पडत नाही. जेट ड्रिलने मोठा करून देणारे बरेच भेटतील. मोठा केलेला जेट लहान करता येत नाही.

ठिणगी येत नाही

आधी मीटर. तुमची गाडी १२ व्होल्टची आहे का २४ची? लष्करी वायरलेस बसवलेल्या गाड्या २४वर असतात, आणि लिलावानंतर बऱ्याच गाड्या कुणीतरी अर्धवट १२वर आणलेल्या असतात. २४च्या वायरिंगवर १२ची कॉइल लावलेली मी वारंवार पाहतो. वीस मिनिटं चालते, मग हात लावता येत नाही इतकी तापते, मग बंद. चालू इंजिनवर कॉइलच्या प्लसवर किती व्होल्ट आहेत ते मोजा आणि कॉइलवर काय छापलंय ते वाचा. मधे रेझिस्टन्स असलेली कॉइल असेल तर तो रेझिस्टन्स कुणी उडवलेला नाही ना, तेही बघा.

मग डेल्कोचं झाकण उघडा. पॉइंटला (कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काला) जाणारी जी बारीक लवचिक वायर असते ती आतून तुटलेली आणि वरून अखंड असू शकते. चढावर व्हॅक्यूम बदलला की पॉइंटची प्लेट फिरते, वायर ताणली जाते, संपर्क तुटतो. सपाटीवर परत जुळतो. दोन बोटांनी हळूच ताणून बघा, रबरासारखी लांबली तर आतली तार तुटलीय.

कंडेन्सर तापल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, ही त्याची जातच आहे. पॉइंट काळेनिळे, एका बाजूला खड्डा दुसऱ्या बाजूला उंचवटा, ठिणगी पिवळी, अशी चिन्हं दिसली तर मोजत बसू नका, बदला. स्वस्त आहे. पण बाजारातला नवा कंडेन्सरही दोन दिवसांत मरू शकतो, म्हणून गाडीत चाललेला एक चांगला जुना कंडेन्सर डब्यात जपून ठेवा. पॉइंटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे लावा. मॅन्युअल नसेल तर ०.४५ ते ०.५ मिलिमीटरवर सुरुवात करा.

कॉइल गरम असतानाच मोजा. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम, रेझिस्टन्सवाली असेल तर दीडच्या आसपास. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल आणि थंड झाल्यावर आकडा परत येत असेल, तर आतली तार तुटलीय. चांगली कॉइल तात्पुरती बाजूला बांधून घाट चढून बघणं ही याहून खात्रीची चाचणी. आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून रेडिओवर गाणी ऐकू नका, पॉइंट जुळलेले असले तर कॉइल भाजत राहते.

रोटर आणि डेल्कोच्या झाकणाच्या चिरा यांचा त्रास जास्त करून पावसाळ्यात होतो. पाच मिनिटांत बघून होतं, बघून टाका.

पेट्रोलही आहे, ठिणगीही आहे, तरी गरम इंजिन पेटत नाही

आता व्हॉल्व्ह. टॅपेटचा गॅप फार कमी ठेवलेला असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन जातं. ‘आवाज येतोय’ म्हणून टॅपेट आवळून आणलेल्या इंजिनांत हे ठरलेलंच. कॉम्प्रेशन गरम असताना मोजायचं, थंड असताना मोजलं तर काही कळत नाही. एक-दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असतील तर टॅपेट पुन्हा लावा. तरी वर येत नसतील तर हेड उतरवायचं काम आहे.

इथे हात थांबवा

ऑइलमध्ये पेट्रोल, किंवा मॅनिफोल्डवर पेट्रोल गळताना दिसलं, तर बॅटरीची वायर काढा आणि टो बोलवा. ‘जवळच तर जायचंय’ हा हिशेब करू नका.

टाकीला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग स्वतः करू नका, आणि नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडूनही करून घेऊ नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने धुतली तरी सांध्यांत पेट्रोल राहतं. टाकी पाण्याच्या वाफेने धुऊन काम करणारे वेगळे असतात, त्यांच्याकडेच न्या.

हेड उतरवणं, २४ व्होल्टचं वायरिंग १२वर आणणं, परतीच्या नळीसाठी टाकीला जोड देणं ही कामं या गाड्या हाताळलेल्या माणसाकडे द्या. देवळाली, अहिल्यानगर, खडकी अशा छावण्यांच्या गावांत लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर अजून सापडतात, आणि या इंजिनाचा आवाज ऐकून ते अर्धं निदान सांगतात.

त्यांच्याकडे जाताना पाच गोष्टी लिहून न्या: पिचकारी उडाली का, ठिणगीचा रंग कोणता, काटा कुठे होता, टाकीत पेट्रोल किती होतं, आणि ओल्या फडक्याने फरक पडला का. हे पाचही माहीत असतील तर बॉनेट उघडल्यापासून तासाभरात दोष सापडतो. माहीत नसतील तर त्यांनाही गाडी घाटात नेऊन बंद पाडावी लागते, आणि त्या फेरीचे पैसे ते लावतात.